कापसावरचे लाल ठिपके

लोखंडी पेटीवर एकूण नऊ वस्तू होत्या. स्पिरिटची अर्धी बाटली एक, कात्री एक, पट्टीच्या गुंडाळ्या तीन, चिकटपट्टी एक, रक्तातली साखर मोजायचं यंत्र एक, सरकारी दवाखान्यातून मिळालेलं न उघडलेलं पाकीट एक, आणि झाकण बसू नये इतका कापूस भरलेला स्टीलचा डबा एक. मोनालीनं त्या वहीत उतरवून घेतल्या, वर तारीख टाकली, १५ जानेवारी २०१८, आणि मग ती आईच्या पायाकडे वळली.

"झाला पंचनामा?" खाटेवरून कांताबाईनं विचारलं. "आता मले बी लिव्ह. म्हातारी, एक."

"पाय इकडं कर, माय."

"म्हातारीचा पाय, एक. दुसरा बिनकामाचा."

उकंडा, मोनालीचा बाप, दारात हात धुऊन उभा होता. त्याला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. सकाळपासून तिघांपैकी कोणी मोकळं हसलं नव्हतं. तिघंही यवतमाळच्या दवाखान्यातून नुकतेच मारेगावला उतरून, तिथून ऑटोनं गावात आले होते.

दुखण्याला सुरुवात झाली होती डिसेंबरात. त्या साली गुलाबी बोंडअळीनं सगळ्या शिवारातली बोंडं आतून पोखरली. वरून हिरवंगार बोंड, फोडलं की आत किडका, पिवळा पडलेला कापूस, म्हणजे कवडी. उकंडानं उभी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, वेळेआधीच कापून काढली. त्या कापलेल्या वावरातून चालताना एक धसकट कांताबाईच्या चपलेतून आरपार गेलं आणि अंगठ्याच्या मुळाशी तळव्यात घुसलं. तिला कळलंच नाही. सहा वर्षांच्या साखरेनं तिचे तळवे बधिर झाले होते. घरी येऊन चप्पल काढायला गेली तेव्हा ती निघेना, म्हणून तिनं वाकून पाहिलं.

आता महिना उलटून गेला होता. यवतमाळच्या डॉक्टरांनी आज घोट्यावर पट्टा बांधून, पेनासारखं यंत्र टेकवून पायातल्या रक्ताचा आवाज ऐकवला होता. सूं-सूं, सूं-सूं. "मोठ्या नळ्या चांगल्या आहेत," ते म्हणाले होते. "प्रश्न आहे तो बारीक नळ्यांचा." मग त्यांनी चौकोन छापलेली पारदर्शक पट्टी जखमेवर धरली, पेनानं कड रेखली आणि आतले चौकोन मोजले. चारशे बारा चौरस मिलिमीटर.

"चार आठवडे देतो," त्यांनी सांगितलं होतं. "बारा फेब्रुवारीला हे निम्म्यावर, म्हणजे दोनशे सहाच्या खाली आलं, तर जखम पुढे आपोआप भरत जाते, असा आमचा अनुभव आहे."

"आन नाई आली तं?" कांताबाईनं विचारलं.

"तर अंगठा आणि त्याच्यामागचं हाड काढावं लागेल, मावशी. थांबलो तर सगळा पाय धोक्यात येईल."

"अंगठा नसला तं वेचणी करता येते का?"

डॉक्टर खोटं बोलणारे नव्हते. "चालता येईल. पण ढेकळांतून, दिवसभर, ओटीत ओझं घेऊन... ते मी सांगू शकत नाही."

त्यानंतर कांताबाई यवतमाळ ते मारेगाव बसमध्ये एक शब्द बोलली नव्हती. कारण मोनालीला ठाऊक होतं. कांताबाईची वेचणी ही काही साधीसुधी गोष्ट नव्हती. दोन्ही हातांनी दोन ओळी धरून ती चालायची, आणि तिच्या ओटीतल्या कापसात वाळलेल्या पत्तीचा एक तुकडा सापडायचा नाही. बाकीच्या बायका तिच्या मागे राहायच्या आणि तिच्याच नावानं ओळखल्या जायच्या, कांताबाईचा जथा म्हणून. मारेगावच्या बाजारात प्रत पाहणारा माणूस गाठोड्यात हात घालून न विचारता म्हणायचा, "हा कांताबाईनं वेचलेला." उभ्या तालुक्यात तेवढी एक गोष्ट अशी होती, जी फक्त तिची होती.

उकंडानं डब्यातून कापसाचा मोठा पुंजका काढला, जखम स्पिरिटनं आजूबाजूला पुसली, पुंजका ठेवला आणि पट्टी गुंडाळली. त्याचा हात हलका होता. हा कापूस पहिल्या वेच्याचा, अळी यायच्या आधीचा. कांताबाईनं त्यातला सव्वासहा किलो बाजूला ठेवून हातानं सरकी काढली होती. मोनालीच्या नागपूरच्या खोलीसाठी त्याची गादी करायची होती. अख्ख्या वर्षात वावरातून आलेलं तेवढंच पांढरंशुभ्र असं काही होतं. दवाखान्याचं पाकीट उकंडानं खिडकीत सरकवून ठेवलं. आपल्या घरी असा कापूस असताना ते कशाला फोडायचं, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. मोनालीलाही नाही.

तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

मोनालीनं नागपुरात जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. शेवटच्या सत्रात तिचा प्रबंध होता रक्तवाहिन्यांना फुटवे आणणाऱ्या प्रथिनांवर. पेशींना प्राणवायू कमी पडला की त्या गप्प बसत नाहीत. त्या एक प्रथिन बाहेर सोडतात, निरोप पाठवावा तसं. जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशींवर त्या प्रथिनासाठी जागा असते. तिथं ते जाऊन बसलं की त्या पेशी जाग्या होतात, सरकतात, वाढतात आणि जुन्या नळीला नवा कोंब फुटतो. कोंब लांबतो, दुसऱ्या कोंबाला भिडतो, आणि त्यातून रक्त वाहू लागतं. नळ्यांमागून मांस येतं, मांसावर कातडी सरकते. साखर वाढलेल्या अंगात हे निरोप क्षीण होतात, कधी वाटेतच विरतात. हे तिनं पुस्तकात वाचलं होतं आणि अंड्यात पाहिलंही होतं. कोंबडीच्या अंड्याच्या कवचाला खिडकी पाडायची, आतल्या पातळ पडद्यावर त्या प्रथिनाचा थेंब सोडायचा आणि दोन दिवसांनी नळ्यांना किती फाटे फुटले ते मोजायचं. साध्या पाण्याच्या थेंबाशेजारी सतरा, प्रथिनाच्या थेंबाशेजारी एक्केचाळीस. असं एकशे वीस अंड्यांचं.

"पोट्टी अंड्यातल्या रेघा मोजाले नागपूरले गेलती," कांताबाई जथ्यातल्या बायकांना सांगायची, आणि सांगताना तिची मान उंच व्हायची.

म्हणून मोनालीनं पहिल्याच दिवशी निदान करून टाकलं. आईच्या पायात निरोप पोचत नाहीत. बाजारात अशा प्रथिनाची जेल मिळते, बर्फात ठेवून आणावी लागते. तिनं नागपूरच्या एका औषधविक्रेत्याकडे नाव नोंदवलं. तो म्हणाला, माल फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येईल. तोवर साखर आटोक्यात ठेवायची, पायावर भार द्यायचा नाही आणि दर तिसऱ्या दिवशी मोजायचं, असं तिनं ठरवलं. तिनं दवाखान्यासारखीच चौकोनांची पारदर्शक पट्टी आणली होती. पंधरा तारखेला संध्याकाळी घरी मोजलं तेव्हा तिचे चारशे सहा आले. डॉक्टरांचे चारशे बारा. सहाचा फरक हाताचा, हे तिनं समासात लिहून ठेवलं.

अठरा तारखेला तीनशे सत्त्याण्णव.

"कमी झाले!" उकंडा म्हणाला आणि तो आकडा सांगायला थेट चौकात गेला.

एकवीस तारखेला चारशे नऊ.

तो चौकातून उशिरा परतला. कोणी विचारलं असणार, आणि त्याला सांगावं लागलं असणार.

चोवीस तारखेला सकाळी लालीबाई आली. लालीबाई तांड्यावरची, जथ्यातली सगळ्यात जुनी जोडीदारीण, दोन ओळी सोडून पलीकडे चालणारी आणि दिवसभर चिडवणारी.

"महाराणी, उठता का?" तिनं दारातूनच हाक दिली. "का जेवण खाटेवरच धाडू?"

"ये व. चुगली कराले कोणी नव्हतं, तोंड सुकून गेलतं."

उकंडा पट्टी बदलायला बसला होता. पट्टी त्यानं हळुवार सोडली, मग जखमेला चिकटलेला कापूस दोन बोटांत धरून एका दमात ओढला. "एका झटक्यात काढला का दुखत नाई," हे त्याचं ठाम मत होतं. कांताबाईला तसंही काही जाणवत नव्हतं. निघालेला कापूस त्यानं कागदावर टाकला. लालीबाईनं वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"बाप्पा! कांते, तुह्या बी कापसाची कवडी झाली व!"

"माह्या कापसाले कवडी म्हणू नको."

"मंग हे लाल-पिवळं काय हाय? हा नेला बाजारात तं प्रतवाला हात बी लावत नाई."

"लाले, उठ. उठ अथून."

दोघी हसत होत्या, पण कांताबाईचं हसू अर्धंच होतं. ते पाहून मोनालीनं तो कागद उचलला, केवळ लालीबाईच्या नजरेआड करावा म्हणून. खिडकीशी नेला. उजेडात कापूस उलटा धरला, आणि मग तो टाकायचा सोडून ती तिथंच उभी राहिली.

लालसर डाग म्हणून जो दिसत होता तो एक डाग नव्हता. ते ठिपके होते. सुईच्या टोकाएवढे, वेगवेगळे, बऱ्यापैकी सारख्या अंतरावर. तिनं खालती आलेखाचा कागद धरला आणि मोजले. त्रेचाळीस.

तिनं दुसऱ्यांदा मोजले. त्रेचाळीसच.

अंड्याच्या पडद्यावर असेच बिंदू ती मोजत होती. फरक एवढाच, की तिथं नळ्या जागच्या जागी होत्या, आणि इथं त्यांची टोकं कापसावर आली होती. रक्ताचा थेंब नळीशिवाय येत नाही. ठिपके कडेलाच नव्हते, मध्येही होते. पंधरा तारखेला जिथं नुसता पांढरट, मेल्यासारखा थर होता, तिथंही. म्हणजे त्या भागात नळ्या नव्यानं आल्या होत्या. म्हणजे कोणीतरी त्यांना बोलावलं होतं.

निरोप पोचत होते. रोज पोचत होते. नळ्या रोज येत होत्या, आणि रोज सकाळी एका दमात उपटल्या जात होत्या.

"काय झालं?" उकंडानं विचारलं.

"काही नाई, बाबा. उद्या सांगते." एका कापसावरून निष्कर्ष काढायचा नाही, ही सवय तिच्या हाडात होती. त्या दिवशीचं माप तिनं घेतलं, चारशे एक, आणि खाली लिहिलं: ठिपके ४३.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बापाला थांबवलं. मिठाचं उकळून गार केलेलं पाणी चमच्यानं कापसावर सोडलं. कापूस भिजला की सुटून येईल, असा तिचा हिशेब होता. पाणी कापसावर गोळ्या-गोळ्यांनी उभं राहिलं, घरंगळलं आणि खाटेच्या नवारीतून खाली टपटपलं. पुन्हा सोडलं, पुन्हा घरंगळलं. शेवटी बरीच खटपट करून तिनं तो स्वतः काढला. ठिपके अडतीस.

मग तिनं पंधरा तारखेपासून खिडकीत पडलेलं पाकीट पहिल्यांदा उघडलं. त्यात घडी केलेली जाळीची कापडं होती, चंदेरी कागदात मेणचट जाळीचे तुकडे होते, आणि कापसाची एक छोटी गुंडाळी. तिनं दोन पेले पाणी भरून पेटीवर ठेवले. एकात दवाखान्याचा कापूस टाकला, एकात घरचा. दवाखान्याचा सात सेकंदांत तळाशी गेला. घरचा तरंगत राहिला. दुपारी साडेचारलाही तो तसाच तरंगत होता, वरून कोरडा.

कांताबाई दिवसभर खाटेवरून दोन्ही पेल्यांकडे पाहत होती. लालीबाई आली तेव्हा तिनं बोट दाखवलं. "पाह्य. त्यायचा बुडाला. माहा पाह्य कसा वर हाय."

"खरंच व," लालीबाईला मानावं लागलं.

"सरकारी कापूस तो. त्याच्यात दमच नाई."

लालीबाई जाईपर्यंत मोनाली थांबली. मग खाटेच्या कडेवर बसली, बापालाही बसायला सांगितलं.

"माय, तुह्या कापसावर मेणासारखा थर असते. रोपटं तो पाण्यापासून बचावाले घालते. म्हणून तो तरंगते. धागा काढाले, गादी भराले तो थर चांगला. दवाखान्याचा कापूस तो थर काढूनच भरतेत. जखमेतलं पाणी तुहा कापूस पीत नाई. ते तथीच साचते, वाळते, आन कापूस जखमेले चिपकते."

"मंग?"

तिनं दोन्ही दिवसांचे कापूस कागदावर पुढे ठेवले. "हे ठिपके पाह्य. काल त्रेचाळीस, आज अडतीस. हे नुसतं रक्त नोहे. एकेक ठिपका म्हणजे एकेक नवी नळी. केसाहून बारीक. तुह्या पायानं रातभर बसून बनवलेली. मले वाटलं होतं तुह्या अंगातून सांगावाच जात नाई, साखरेनं तो मंदावला. मी बाहेरून आणाले निघालती. पण तो जाऊन राह्यला, माय. रोज जाऊन राह्यला. नळ्या येऊन राह्यल्या. आन सकाळी आपून कापसासंगं त्या उपटून राह्यलो."

बाहेर कोणाची तरी मोटारसायकल चालू होत नव्हती.

"म्हणजे म्याच तोडत होतो?" उकंडा आपल्या दोन बोटांकडे पाहत म्हणाला.

"तिघंबी, बाबा. मी पयल्याच दिवशी वहीत डबा लिवला, पाकीट लिवलं, आन पुढं गेली. कापूस म्हणून मी त्याच्याकडं पाह्यलंच नाई. घरचा होता ना."

कांताबाईनं कागद जवळ ओढला. वेचणीच्या दिवसांत झाडाकडे पाहावं तशी ती ठिपक्यांकडे पाहत राहिली. "हे तं पात्यांसारखं झालं," ती शेवटी म्हणाली. पाती म्हणजे कपाशीची कळी, ज्यातून फूल आणि फुलातून बोंड. "झाड पाती धरून राह्यलं, आन आपून रोज झाडून राह्यलो. मंग बोंड कुठून लागन?"

"हाव. तसंच."

"आन मी समजत होती का झाडच मेलं." तिनं पुन्हा मोजायला सुरुवात केली, बोटानं, ओठ हलवत. "त्रेचाळीस. एका रातीत?"

"एका रातीत."

"या वयात?" कांताबाईनं नवऱ्याकडे पाहिलं, आणि पंधरा तारखेपासून पहिल्यांदा तिचा जुना, वावरातला आवाज लागला. "ऐकलं का, मोनाचे बाबा? अळीनं सगळं शिवार खाल्लं, आन माहा पाय एका रातीत त्रेचाळीस धरून राह्यला."

संध्याकाळी मोनालीनं डॉक्टरांना फोन केला. घरचा कापूस, हे त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "पाकिटातली मेणाची जाळी थेट जखमेवर ठेवा, तिच्यावर ओली जाळी, मग कापूस. काढताना भिजवून, हळू. ती जेल आणायचं सध्या राहू द्या. आधी हे पाहू." आणि फोन ठेवताना म्हणाले, "ठिपके मोजायचं तुम्हाला कोणी शिकवलं?"

"अंड्यांनी," मोनाली म्हणाली.

सव्वीस तारखेला सकाळी उकंडा हात धुऊन आला तर कांताबाई आधीच उठून बसली होती, उजवा पाय डाव्या मांडीवर घेऊन.

"सरका," ती म्हणाली. "आता मी काढन."

"तुले तळवा दिसते का?"

"आरसा धरा."

उकंडानं आरसा धरला. मोनालीनं तिच्या हातात रबरी मोजे चढवले, त्यावर कांताबाई करवादली. "हात आंधळा झाला व. रबराच्या हातानं कधी वेचलं का कोणी?" पण वीस मिनिटं जाळी मिठाच्या पाण्यात भिजू दिल्यावर तिनं चिमटा धरला तो तसाच, जसं ती फुटलेलं बोंड धरायची. पाकळीला धक्का न लावता, पत्ती न मोडता, आतला कापूस तेवढा अलगद वर. जाळीची एक कड उचलली, थांबली, जिथं धागा अडकला वाटला तिथं पाण्याचा थेंब सोडला, पुन्हा थांबली. पूर्ण जाळी निघायला अकरा मिनिटं लागली. मोनालीनं ती उजेडात धरली.

"किती?"

"दोन."

"दोन तरी काहून?" कांताबाई नाराज झाली.

उद्या शून्य पाहिजे, असं तिनं स्वतःलाच बजावलं. दुसऱ्या दिवशी शून्य आलं. सत्तावीस तारखेचं माप तीनशे बहात्तर, तीस तारखेला तीनशे अडतीस, दोन फेब्रुवारीला तीनशे एक, पाच तारखेला दोनशे सहासष्ट. जखमेचा तळ आता दाणेदार लाल दिसायचा, आणि कडेनं गुलाबी, चमकदार कातडीची एक बारीक किनार आत सरकत होती. मोनाली आलेखाच्या कागदावर एकेक बिंदू टाकायची आणि उकंडा तिच्या खांद्यावरून पाहायचा. त्यानं त्या कागदाला प्लास्टिकची पिशवी शिवून घेतली.

सहा तारखेला मोनाली औषधाला मारेगावला गेली असताना जथ्यातल्या बायका धावत आल्या. शेजारच्या वावरात उरलीसुरली फरदड, हंगाम संपल्यावर येणारा कापूस, वेचायची होती आणि ओळींवरून भांडण लागलं होतं. कांताबाई उठली आणि बांधापर्यंत गेली. तासभर उभी राहिली. भांडण मिटवून, वर दोघींना पत्ती वेचल्याबद्दल झापून, परत आली. आठ तारखेचं माप दोनशे सत्तेचाळीस निघालं.

"दोनशे तीसच्या आसपास पाहिजे होतं," मोनाली म्हणाली. ती ओरडली नाही, म्हणूनच कांताबाई घाबरली.

"एक तास तं उभी होती."

"त्या तासात तुह्या सगळ्या वजनाखाली त्या नळ्या दबल्या, माय. चार दिवस राह्यले. एक्केचाळीसच्या वर कमी झाले पाहिजे. दिवसाले दहाच्या वर."

"होते का?"

मोनालीनं मागच्या नोंदी पाहिल्या. "पयले दिवसाले बारा झालते. पण माह्या मापात सहाचा फरक येते. म्हणून सांगता येत नाई."

त्यानंतरचे चार दिवस कांताबाई खाटेवरून उतरली नाही. लालीबाईनं चहा आणला, भाकर आणली, जे काही खाली उतरून करायचं ते सगळं खाटेवर आणलं आणि प्रत्येक वेळी "महाराणी" म्हणाली. कांताबाईनं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. अकरा तारखेला मोनालीनं पट्टी बदलली, पण माप घेतलं नाही. "उद्या डॉक्टरच घेतील," ती म्हणाली. उकंडानं आग्रह केला नाही.

बारा तारखेला यवतमाळच्या बसमध्ये कांताबाईला खिडकी मिळाली आणि उकंडाला दोन सीट मागे, एका अनोळखी मास्तरांशेजारी. वणीहून बसून आलेल्या त्या मास्तरांना त्यानं करंजीचा थांबा येण्याआधीच प्लास्टिकमधला कागद काढून दाखवला.

"हा काढला माह्या पोरीनं," तो सगळ्या बसला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. "आन हे जे भरलं, ते माह्या बायकोनं."

"काय भरलं?" मास्तरांनी विचारलं.

"नळ्या," उकंडा म्हणाला. "रक्ताच्या. एका रातीत त्रेचाळीस."

मास्तरांनी कागद सरळ करून पाहिला, आडवा करून पाहिला आणि आदरानं परत दिला. पुढं बसलेल्या कांताबाईनं मागे वळून पाहिलं नाही, पण तिनं पदर नीट केला आणि मान उंच केली.

दवाखान्यात पट्टी काढायला नर्स पुढं झाली तेव्हा कांताबाईनं तिला थांबवलं. "भिजवा आधी," ती म्हणाली. "वीस मिनटं." नर्सनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि स्वतः घड्याळ लावलं. वीस मिनिटांनी कांताबाईनं आरशात पाहून जाळी स्वतः उचलली. डॉक्टरांनी जाळी उजेडात धरली, उलटी-सुलटी केली, आणि मोनालीच्या हातात दिली. ठिपका एकही नव्हता.

मग त्यांनी चौकोनांची पट्टी जखमेवर धरली, पेनानं कड रेखली आणि टेबलाशी जाऊन मोजायला बसले. पूर्ण चौकोनांवर खुणा केल्या, अर्ध्यांना अर्ध्यांशी जोडलं. मोनालीनं पाहायचं टाळलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिली. उकंडा उभाच होता. कांताबाई पाय पुढे करून बसली होती, हात मांडीवर, जणू कोणी तिच्या गाठोड्यात हात घालून प्रत पाहत होतं.

डॉक्टरांनी एकदा मोजलं. पट्टी फिरवून पुन्हा एकदा मोजलं. मग कागदपत्रांतला तो रकाना शोधून त्यांनी लिहिलं:

१२ फेब्रुवारी २०१८. उजवा तळवा. १९९ चौरस मिलिमीटर.